सांगोला: अकरा विजय, तीन पराभव आणि न हललेले गट

तुमचा प्रश्न असा आहे: सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतला आहे. गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) बालेकिल्ला. मग तो 2019 मध्ये 768 मतांनी कसा ढासळला, आणि पाचच वर्षांनी पंचवीस हजारांच्या फरकाने परत कसा उभा राहिला? आणि हे सगळं पक्षवार तक्त्यात कसं मांडायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घोळ तिथेच आहे. पक्षवार तक्ता करूच नका. म्हणजे परिशिष्टात हवा तर टाका, पण त्यावरून कथा सांगू नका. गेली तीसेक वर्षं मी निकालपत्रकं चाळतोय, आणि सोलापूर जिल्ह्यात पक्षाच्या रकान्याने मला जितकं फसवलं तितकं दुसऱ्या कशानेच फसवलं नाही.

आधी साधी यादी. गणपतराव निवडून आले ती वर्षं: 1962, 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. मोजा, अकरा भरतात. यातलं 1974 हे पोटनिवडणुकीचं वर्ष आहे. 1972 मध्ये काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले, त्यांचं निधन झालं, आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत गणपतराव पुन्हा सभागृहात गेले. निवडणूक आयोगाचे जे जाडजूड अहवाल तुम्ही उघडाल ते सार्वत्रिक निवडणुकांचे असतात. पोटनिवडणूक त्यात सापडत नाही. त्यामुळे नुसत्या अहवालांवरून मोजणाऱ्याचे दहाच विजय भरतात आणि तो गोंधळतो. मीही एकदा दहा असं छापून मोकळा झालो होतो. आठवडाभर पत्रं येत होती, त्यातली दोन तर पोस्टकार्डं होती. सांगोल्याचा माणूस इतर बाबतीत सोशीक, पण आबासाहेबांचा एक विजय कमी केलात तर सोडत नाही.

(बाहेरच्या वाचकासाठी एक तळटीप घाला. सांगोल्यात ‘आबासाहेब’ म्हणजे गणपतराव, ‘बापू’ म्हणजे शहाजीबापू पाटील, आणि ‘दीपकआबा’ म्हणजे काकासाहेबांचे चिरंजीव दीपक साळुंखे-पाटील. नुसतं ‘आबा’ म्हटलं की कुठले आबा हे ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याच्या गावावरून ओळखायचं.)

आता दोन दंतकथा बाजूला करू. पहिली, ‘सलग’. सलग कुठे आहे? 1972 ला ते पडले, 1995 ला पडले. कारकीर्द तीन तुकड्यांत येते: 1962 ते 1972, मग 1974 ते 1995, मग 1999 ते 2019. दहा, एकवीस आणि वीस. बेरीज एक्कावन्नच्या आसपास जाते. वर्तमानपत्रांतून चोपन्न, पंचावन्न वर्षं असे आकडे फिरत असतात. तुम्ही स्वतः बेरीज करा. दुसरी, ‘देशातला विक्रम’. महाराष्ट्रात एकाच मतदारसंघातून अकरा वेळा, हे खरंच अजोड आहे. पण केरळात के. एम. मणी हे पाला या एकाच मतदारसंघातून तेरा निवडणुका जिंकले, 1965 पासून 2016 पर्यंत. करुणानिधीही तेरा वेळा जिंकले, फक्त त्यांनी मतदारसंघ बदलले. गणपतरावांचं मोठेपण विक्रमावर अवलंबून नाही, त्यामुळे हे लिहायला कचरू नका.

मूळ मुद्दा ‘बालेकिल्ला’ या शब्दाचा. बालेकिल्ला म्हणजे जिथे विरोधकाला वाटच सापडत नाही असं ठिकाण. 1995 मध्ये गणपतराव 192 मतांनी पडले. 2019 मध्ये त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख 768 मतांनी पडले. ज्या मतदारसंघात दोनदा निकाल हजाराच्या आत लागतो तिथे विरोधक दारात नाही, घरातच बसलेला असतो. सांगोल्यात शेकाप नसलेली मतं नेहमीच मोठ्या संख्येने होती. ती एका पेटीत पडली की आबासाहेबांची बाजू धोक्यात येत असे.

2019 चे आकडे समोर ठेवा, पण एकटे नाही. 2014 च्या शेजारी ठेवा. 2014 मध्ये गणपतरावांना 94,374 मतं, शिवसेनेच्या शहाजीबापूंना 69,150. 2019 मध्ये अनिकेत देशमुखांना 98,696 आणि शहाजीबापूंना 99,464. आता ‘बालेकिल्ला ढासळला’ हे वाक्य परत वाचा. शेकापची मतं घटलीच नाहीत. चार हजारांवर वाढली. नव्वदी ओलांडलेले आजोबा थांबले, नवखा नातू उभा राहिला, आधी दुसरंच नाव पुढे येऊन मग ते बदललं गेल्याची नाराजी होती, आणि तरीही शेकापच्या पेटीत आधीपेक्षा जास्त मतं पडली. बदललं ते समोर. बापूंची मतं एका निवडणुकीत तीस हजारांनी वाढली. दीपकआबांनी त्या वेळी आपलं वजन बापूंच्या बाजूने टाकलं, आणि सामना सरळ दुरंगी झाला. पहिल्या दोघांच्या मिळून जवळपास एक लाख अठ्ठ्याण्णव हजार मतांत 768 चा फरक. मतदान केंद्रांवर वाटून पाहिलात तर केंद्रामागे दोन-तीन मतं येतात. एका वस्तीवरचं एक कुटुंब लग्नाला गेलं असेल तर तेवढा फरक पडतो. अशा निकालाला कारणं पन्नास देता येतात आणि पन्नासही खरी असतात. म्हणून इतक्या बारीक फरकाला ‘जनतेने नाकारलं’ अशी मोठी कारणं लावू नयेत असं माझं मत आहे.

1995 चा निकाल तर मतपत्रिकांचा. तेव्हा बाद मतांचा गठ्ठा वेगळा बांधला जायचा, आणि 192 सारख्या फरकात तो गठ्ठा विजयाच्या फरकापेक्षा सहज मोठा असू शकतो. पण 1995 मधली खरी गंमत वेगळीच आहे. त्या वर्षी राज्यात काँग्रेस ऐंशी जागांवर आली, युतीचं सरकार बसलं, आणि नेमक्या त्याच वर्षी सांगोल्याने गणपतरावांना पाडून काँग्रेसचे शहाजीबापू निवडून दिले. राज्याचं वारं काँग्रेसच्या विरोधात, सांगोल्याचं काँग्रेसकडे. असं हे एकदाच घडलेलं नाही. 1962 मध्ये राज्यात काँग्रेसला 264 पैकी 215 जागा होत्या, तेव्हा सांगोल्याने शेकाप निवडला. 2014 च्या मोदी लाटेत भाजप 122 वर गेला, तेव्हा सांगोल्याने सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांचे गणपतराव निवडून दिले. 2024 मध्ये महायुतीने राज्य अक्षरशः झाडून नेलं, आणि सांगोला पुन्हा शेकापकडे. राज्याबरोबर वाहण्याचं ठळक उदाहरण 1972 चं, इंदिरा लाटेचं. तेव्हा काँग्रेसला 270 पैकी 222 जागा मिळाल्या आणि गणपतराव पडले. 2019 मध्येही युतीच जिंकली, पण 768 मतांना वारं म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

हा उलटा स्वभाव कशामुळे? मला वाटतं, सांगोल्याचा मतदार राज्याच्या निवडणुकीत मतदान करतच नाही. तो सांगोल्याच्या निवडणुकीत मतदान करतो. तिथे पक्ष तीन नाहीत, गट तीन आहेत: देशमुखांचा, बापूंचा आणि साळुंख्यांचा. चिन्हं बदलतात, गट बदलत नाहीत. बापू 1995 मध्ये काँग्रेस, 2014 आणि 2019 मध्ये शिवसेना, 2024 मध्ये शिंद्यांची शिवसेना. साळुंखे घराण्यात वडील काँग्रेसचे आमदार, मुलगा राष्ट्रवादीचा विधान परिषदेतला आमदार आणि 2024 मध्ये ठाकऱ्यांच्या शिवसेनेचा उमेदवार. पक्षवार तक्ता केलात तर त्यातून असं निघेल की सांगोल्यात काँग्रेस संपली आणि शिवसेना रुजली. प्रत्यक्षात बापूंच्या चिकमहूदच्या वाड्यावर जाणारा माणूस त्याच वाड्यावर जातो, साळुंख्यांच्या जवळ्याला जाणारा जवळ्याला. बाहेरच्या पाटीवरचं नाव बदललेलं असतं, इतकंच. म्हणून सांगतो, इतिहास गटवार लिहा. पक्ष फक्त देशमुखांच्या बाबतीत स्थिर आहे, आणि तिथेही पक्षाने माणसाला धरून ठेवलं की माणसाने पक्षाला, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न सोडवायला एक आकडेमाळ पुरेशी आहे. विधानसभेत शेकापच्या जागा: 1962 मध्ये 15, 1967 मध्ये 19, 1972 मध्ये 7, 1978 मध्ये 13, 1980 मध्ये 9, 1985 मध्ये परत 13, मग 1990 मध्ये 8, 1995 मध्ये 6, 1999 मध्ये 5, 2004 मध्ये 2. शंकरराव मोरे आणि केशवराव जेधे यांनी उभा केलेला, पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला खरा पर्याय वाटलेला पक्ष रायगड आणि सांगोला इथवर आकसला. 2019 मध्ये रायगडातल्या सगळ्या जागा गेल्या, आणि 2024 मध्ये पूर्ण राज्यात शेकापचा एकच आमदार उरला तो सांगोल्याचा. म्हणजे पक्ष राज्यभर विरघळत असताना एक तालुका तसाच राहिला. पक्षाच्या ताकदीवर हे झालं असतं तर इतर तालुक्यांतही काही शिल्लक राहिलं असतं.

मग कशाच्या ताकदीवर? इथे थोडं थांबावं लागेल, कारण निकालपत्रकात हे दिसत नाही.

सोलापूर जिल्ह्यातलं राजकारण साखर कारखान्याच्या धुराड्याभोवती फिरतं. अकलूज, माळशिरस, पंढरपूर, कुठेही जा. ऊस कोणाचा गळीत होणार आणि कुणाचा फडात वाळणार यावर माणसं बांधलेली असतात. सांगोला हा माणदेशाचा तालुका. माण नदी वर्षातला बराच काळ कोरडी. ऊस लावायला पाणीच नव्हतं, त्यामुळे कारखानदार नावाची जात इथे तयार झाली नाही. वाकी-शिवण्याचा सहकारी कारखाना उभा राहिला खरा, पण वर्षानुवर्षं बंद पडून होता. 2021 मध्ये भाडेतत्त्वावर परत सुरू झाला. त्याऐवजी सांगोल्यात उभी राहिली ती सूतगिरणी, तीही अशा तालुक्यात जिथे कापूस पिकत नाही. राज्यात सहकारी सूतगिरण्या एकामागून एक बसत गेल्या, ही चालत राहिली. बाहेरून कापूस आणायचा, सूत विकायचं, आणि गावागावांतल्या पोरांना कायमची नोकरी द्यायची. गणपतरावांच्या मतांचा पाया शोधायचा असेल तर सभांची भाषणं वाचण्यापेक्षा गिरणीची हजेरीपटं वाचा.

दुसरा पाया पाण्याचा. आटपाडीच्या पाणी परिषदा, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी त्या मांडवांतून वर्षानुवर्षं मांडली गेली. कऱ्हाडजवळ टेंभूला पाणी उचलून ते कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत आणायचं. टेंभू, म्हैसाळ आणि नीरा उजवा कालवा ही तीन नावं सांगोल्याच्या प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतात. कालव्याच्या कुठल्या फाट्याला कोणत्या साली पाणी पोचलं हे जलसंपदा खात्याकडून काढा आणि त्या गावांचे बूथ आधी-नंतर ताडून पहा. तुमच्या प्रबंधातलं सर्वांत मोलाचं प्रकरण तेच होईल. कारण पाणी आलं की मतदार बदलतो. मजुरीला जाणारा माणूस डाळिंबाची बाग लावतो, आणि त्याच्या मागण्या रोजगार हमीच्या कामावरून बाजारभाव, तेल्या रोग आणि वाहतुकीकडे जातात. देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी याच सांगोल्यातून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, हे सहज म्हणून घडलेलं नाही.

तिसरी गोष्ट समाजाची. तालुक्यात धनगर समाजाची मतं मोठी आहेत आणि गणपतराव त्या समाजातले. हे लिहायचं टाळू नका, पण एवढ्यावर थांबूही नका. जात हेच उत्तर असतं तर 1972 आणि 1995 झालंच नसतं. मूळचे ते मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, म्हणजे सांगोल्यात भावकीचं जाळं आयतं नव्हतं. वकिली, शेतमजुरांचे आणि दुष्काळी कामांचे प्रश्न, आणि मुंबईला एसटीने जाणारा आमदार ही ओळख; यावर माणूस उभा राहिला. 1977-78 मध्ये विरोधी पक्षनेते, मग शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, 1999 नंतर विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात मंत्री. एवढं होऊनही घर आणि राहणी तीच राहिली, हे विरोधकही मान्य करतात. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात त्यांचं निधन झालं.

आता 2024. गणपतरावांचे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना 1,16,256 मतं, शहाजीबापूंना 90,870. फरक 25,386. दीपकआबा तिसरे, पन्नास हजारांच्या आसपास. हे पाहून बहुतेकांनी दोनपैकी एक निष्कर्ष काढला. एक, 2022 मध्ये शिंद्यांच्या बंडाच्या वेळी बापूंनी गुवाहाटीहून केलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ या फोनने त्यांना बुडवलं. दोन, दीपकआबांनी बापूंची मतं खाल्ली. दोघांची बेरीज केली तर शेकाप पडलेलाच दिसतो.

पहिल्याबद्दल एवढंच: त्या फोनने बापूंना सबंध महाराष्ट्रात ओळख मिळाली, आणि त्यांची मतं 2019 च्या तुलनेत साडेआठ हजारांनी खाली आली. बुडाले म्हणावं इतकी नाही. दुसरा निष्कर्ष मात्र मोठा सापळा आहे, आणि त्यात मी स्वतः एकेकाळी पडलो आहे. अशाच एका तिरंगी लढतीवर लिहिताना मी तिसऱ्याची सगळी मतं दुसऱ्याच्या खात्यात जमा करून टाकली होती. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या कार्यकर्त्याने कागद हातातून घेतला आणि विचारलं, “साहेब, हा तिसरा उभाच नसता तर ही माणसं कुठं गेली असती, हे त्यांना विचारलंत का?” 2024 मध्ये दीपकआबा महाविकास आघाडीतल्या ठाकऱ्यांच्या शिवसेनेकडून उभे होते. शेकापही त्याच आघाडीकडे झुकलेला. जागा कुणाची यावरूनच तर वाद होता. म्हणजे दीपकआबांच्या मतांत दोन प्रकारची माणसं मिसळली होती. साळुंखे गटाची घरं, जी 2019 मध्ये बापूंकडे गेली होती, आणि महायुती नको म्हणणारे मतदार, जे दीपकआबा नसते तर बहुधा शेकापकडे गेले असते. सरळ बेरीज केलीत की दुसऱ्या प्रकारची माणसं तुम्ही गुपचूप बापूंना देऊन टाकता.

तरीही एक गोष्ट बेरजेशिवाय दिसते. शेकापची मतं 94 हजार, 98 हजार, 1 लाख 16 हजार अशी तीन निवडणुकांत वाढतच गेली आहेत. 2019 च्या पराभवातही चढ आहे, 2024 च्या विजयातही चढ आहे. समोरची मतं एका जागी आली की पराभव, दोन जागी गेली की मोठा विजय. तुमच्या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे: किल्ला पडला नव्हता आणि परत बांधलाही गेला नाही, समोरच्या फौजा एकदा एकत्र आल्या आणि पुढच्या वेळी फुटल्या.

आणखी एक बाब, जी यादीत डोळ्यांसमोर असून कुणी वाचत नाही. 1962 पासून सांगोल्याने गणपतरावांखेरीज कुणालाही लागोपाठ दोन सार्वत्रिक निवडणुकांत निवडून दिलेलं नाही. काकासाहेबांना मृत्यूने संधी दिली नाही. बापू 1995 ला आले, 1999 ला गेले, 2019 ला आले, 2024 ला गेले. बाबासाहेबांच्या बाबतीत हा नियम लागू होतो की नाही, हे पुढच्या निवडणुकीत कळेल, आणि तेव्हा समोर किती उमेदवार आहेत ते आधी मोजा.

कामाच्या दोन सूचना. 2004 आणि 2009 चे आकडे एकमेकांना लावू नका. 2008 च्या पुनर्रचनेत हा मतदारसंघ, आताचा क्रमांक 253, पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी मंडळ पोटात घेऊन माढा लोकसभेत गेला. भाळवणीकडचा पट्टा बागायती, उसाचा, कारखान्याच्या गटांचा. त्याची मतं माणदेशाच्या मतांसारखी वागत नाहीत. नमुना 20 मधून, म्हणजे बूथवार निकालपत्रकातून, भाळवणीचे बूथ वेगळे काढा आणि 2009 पासूनच्या चारही निवडणुकांत नुसत्या सांगोला तालुक्याचा फरक किती पडतो ते मांडा. 2019 च्या 768 मतांचा हिशेब तालुक्यात चुकला की भाळवणीत, हे त्यावरून दिसेल. आणि नावं शोधताना सावध रहा: जुन्या इंग्रजी अहवालांत एकाच उमेदवाराचं नाव दर खेपेला वेगळ्या स्पेलिंगने, कधी आडनाव पुढे कधी मागे असं येतं. संगणकाला दोन माणसं वाटतील. 1974 साठी मात्र संगणक काही करणार नाही. सोलापूरच्या ग्रंथालयात बसून त्या वर्षीच्या दैनिकांचे बांधीव खंड उघडावे लागतील. धूळ फार असते, रुमाल घेऊन जा.